डेटास्टोअर गायब झालाय? होस्ट रीबूट मारायच्या आधी हे बघून घ्या

शुक्रवारी सकाळी सातच्या आत फोन वाजला की स्क्रीन न बघताच मला कळतं काय झालंय. आमच्या भोसरीत गुरुवारी सुट्टी, त्यात कधीमधी मेंटेनन्ससाठी लाइट जाते ती दुपारभर, यूपीएस बिचारा तासभर दम काढतो आणि मग सगळं बसतं. शुक्रवारी पहिल्या शिफ्टचा कोणीतरी येतो आणि सर्व्हर रूमची सगळी बटणं एका दमात वर करतो. पंखे घरघरतात, हिरवे दिवे लुकलुकतात, पण व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या (होस्टच्या) आत चालणारे आभासी कॉम्प्युटर, एकही उठत नाही. ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बंद, टॅली बंद, गेटवर ट्रक भरून उभा आणि चलन निघत नाही. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, सर्व्हर रीस्टार्ट करून बघू का?"

नका करू. निदान लगेच तरी नका करू, कारण होस्टचा दोष बहुतेक वेळा नसतोच, आणि रीबूट मारला की जे काही थोडंफार चालू होतं तेही जातं आणि लॉगमधला माग काढणंही अवघड होतं.

आमचा सेटअप सांगतो म्हणजे पुढचं समजेल. तीन ईएसएक्सआय होस्ट (ईएसएक्सआय म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर), एक नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कचा डबा, मध्ये एक मॅनेज्ड स्विच, ज्याच्या सेटिंग बदलता येतात. नॅसवर एक शेअर एनएफएसने दिलेला आणि एक लन आयस्कझीने; एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत, आयस्कझी म्हणजे नेटवर्कवरून अख्खी डिस्क द्यायची, आणि त्या डिस्कला लन म्हणतात. मशीनच्या डिस्कच्या फाइली होस्टमध्ये नाहीत, नॅसवर आहेत, आणि होस्टला दिसणाऱ्या त्या जागेलाच डेटास्टोअर म्हणतात. म्हणजे ती नेटवर्कची निळी केबल ही केबल नाहीच, ती मशीनची हार्ड डिस्क लावायची वायर आहे असंच समजा. ती तुटली की आतल्या विंडोजला, लिनक्सला वाटतं आपली डिस्कच कोणी उपटली. ईएसएक्सआय अशा वेळी डिफॉल्टने १४० सेकंद वाट बघतो, त्यानंतर स्वतःची कामं सोडून देतो पण मशीन मात्र लटकत्या अवस्थेत प्रयत्न करत राहतात, म्हणून स्टोरेज लवकर परत आलं तर कधीकधी काही न करता सगळं सुरळीत होतं. हे एक कारण पुरेसं आहे हात आवरायला.

सगळ्यात पहिला प्रश्न, आणि हा मी ज्युनियरकडून घोकून घेतलाय: किती जण रडतायत? तिन्ही होस्टना डेटास्टोअर दिसत नसेल तर होस्टवर बसून वेळ घालवू नका, सरळ नॅस आणि स्विचकडे जा. एकाच होस्टला दिसत नसेल आणि बाकी दोघे मजेत असतील तर नॅसला हात लावायचा नाही, गडबड त्या होस्टची केबल, त्याचा पोर्ट, त्याचं आयपी किंवा त्याची परवानगी यातच आहे. आणि तिन्ही होस्टना एक डेटास्टोअर दिसतोय, दुसरा नाही, असं असेल तर नेटवर्क ठीक आहे, नॅसवर तो व्हॉल्यूमच ऑफलाइन गेलाय, भरलाय किंवा कोणीतरी शेअरच्या सेटिंगला हात लावलाय. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. व्हॉल्यूम भरणं तर फार कॉमन आहे, थिन लन (जागा आधी राखून न ठेवता लागेल तशी घेणारा) दिलेला असतो, वर डेटास्टोअरमध्ये जागा दिसते पण खाली नॅसवर स्नॅपशॉटनी, म्हणजे जुन्या स्थितीच्या साठवलेल्या प्रतींनी, सगळं खाल्लेलं असतं, मग मशीन जागच्या जागी थांबतात आणि लोक नेटवर्क शोधत बसतात.

आता शुक्रवार सकाळचं प्रकरण. तिथे बिघाड काहीच नसतो, फक्त क्रम चुकलेला असतो. लाइट दणकन गेली असेल तर नॅस उठताना डिस्क तपासत बसतो, होस्ट त्याच्या आधी तयार होतात, डेटास्टोअर शोधतात, सापडत नाही, मशीन आपोआप चालू व्हायचा ऑटोस्टार्ट फसतो. अशा वेळी नॅसच्या वेब पेजवर लॉगिन होऊन व्हॉल्यूम नॉर्मल दिसेपर्यंत चहा घ्या. मग एनएफएसवाला डेटास्टोअर बऱ्याचदा आपोआप परत येतो, आयस्कझीवाल्यासाठी स्टोरेज अडॅप्टरला रीस्कॅन मारा, म्हणजे डिस्क पुन्हा शोधायला लावा. मशीन हाताने पॉवर ऑन करा. संपलं.

तेवढ्याने नाही झालं तर खालून वर चढायचं. कमांड मी फोनवर ज्युनियरला सांगतो तशा बोलून सांगतोय.

केबल आणि पोर्टचा दिवा बघा, हसू नका, उंदराने कुरतडलेली केबल मी स्वतः काढलीय. मग पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतंय का बघायची कमांड, पण साधा पिंग नाही. होस्टला दोन-तीन आयपी असतात, एक मॅनेजमेंटचा, एक स्टोरेजचा, आणि साधा पिंग राउटिंगच्या हिशेबाने कुठूनही बाहेर पडू शकतो, मग उत्तर येतं आणि तुम्ही खूश होता पण स्टोरेजची वाट अजून बंदच. म्हणून व्हीएमकेपिंग वापरा आणि कॅपिटल आय देऊन स्टोरेजचा व्हीएमकर्नल पोर्ट (होस्टचं स्वतःचं नेटवर्कचं दार) सांगा, आमच्याकडे तो व्हीएमके-वन आहे. उत्तर आलं नाही तर व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगळे नेटवर्कचे कप्पे) बघा. स्विचचा पोर्ट ट्रंक (व्हीलॅनचा नंबर, म्हणजे टॅग लावून पाठवणारा) आहे की अ‍ॅक्सेस (टॅगशिवाय), आणि होस्टच्या पोर्टग्रुपवर (होस्टमधल्या आभासी स्विचच्या पोर्टांच्या गटावर) व्हीलॅन आयडी टाकलाय की शून्य, या दोघांचं जुळलं पाहिजे, दोन्हीकडे टॅग किंवा दोन्हीकडे नाही.

उत्तर आलं, तरी थांबा. इथेच एकदा माझी अख्खी दुपार गेलीय, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

एका गिऱ्हाइकाकडे वीज पडून स्विच जळला. तसाच स्विच आणून लावला, त्याच मॉडेलचा, केबली त्याच पोर्टात. पिंग जातोय. डेटास्टोअर दिसतोय. फोल्डर उघडतोय, फाइलींची नावं दिसतायत. मशीन ऑन केलं की विंडोजचे ते ठिपके गोल गोल फिरत राहतात आणि वीस मिनिटांनी पण तिथेच. मी नॅसवर संशय घेतला, डिस्क तपासल्या, होस्टचा फर्मवेअर बघितला, एक होस्ट रीबूटपण मारला, हो मीच, जो वर तुम्हाला नको म्हणतोय. शेवटी मोठा पिंग टाकून बघितला आणि तिथेच सापडलं. होस्टवर आणि नॅसवर जंबो फ्रेम, म्हणजे मोठी पाकिटं, चालू होत्या, एमटीयू (पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, बाइटमध्ये) ९०००, आणि नवा स्विच फॅक्टरी सेटिंगवर म्हणजे १५०० वर. छोटी पाकिटं निघून जायची, पिंग छोटा, फाइलींची यादी छोटी, पण मशीन बूट होताना मोठमोठे ब्लॉक वाचायला लागलं की मोठी पाकिटं स्विच गुपचूप टाकून द्यायचा. कुणाला काही सांगायचा पण नाही.

टेस्ट अशी करायची: व्हीएमकेपिंगला डॅश डी आणि डॅश एस ८९७२ द्या. ८९७२ का, तर ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे (पिंग ज्यावर चालतो त्याचे) ८ बाइट वजा. डॅश डी विसरू नका, त्याचा अर्थ पाकिटाचे तुकडे करू नको, तो नाही दिला तर तुकडे होऊन सगळं आरामात पोचतं आणि तुम्ही परत फसता. आता गंमत बघा, लगेच मेसेज टू लाँग असं उत्तर आलं तर पाकीट होस्टमधूनच बाहेर पडलं नाही, म्हणजे तुमच्या व्हीएमकर्नल पोर्टचाच एमटीयू छोटा आहे. आणि नुसतंच शांत, उत्तर नाही, टाइमआउट, तर पाकीट बाहेर पडलंय आणि वाटेत स्विचने किंवा पलीकडे नॅसने खाल्लंय. १४७२ चा जातोय आणि ८९७२ चा जात नाही, असं दिसलं की दुसरं काही शोधायचं नाही. व्हीस्विच (होस्टमधला आभासी स्विच), व्हीएमकर्नल पोर्ट, फिजिकल स्विच, नॅस, चारही ठिकाणी बघा, स्विचवर बहुतेक ९२१६ ठेवतात. खरं सांगू का, एक गिगाबिटच्या छोट्या सेटअपमध्ये जंबोचा फायदा दिसेल एवढा होत नाही, मी तर आता नवीन ठिकाणी सगळीकडे १५०० च ठेवतो आणि रात्री शांत झोपतो.

पिंग छोटा-मोठा दोन्ही जातोय पण मध्येच तुटतोय, दोन मिनिटं ठीक, एक मिनिट बंद, असं होत असेल तर आयपीची टक्कर, म्हणजे दोन यंत्रांना एकच आयपी, तपासा. आमच्याकडे एचआरने हजेरीचं नवीन थंब मशीन आणलं, लावणाऱ्या पोराने मनाने आयपी टाकला, तो नेमका नॅसचा. आधीच्या माणसाने स्टोरेज ऑफिसच्याच नेटवर्कवर ठेवलेलं, वेगळा व्हीलॅन नाही. सकाळी लोक अंगठा लावायला लागले की ईआरपी अडखळायची, कोणाला संबंध लागणार? मी शेवटी नॅसची केबल काढली आणि लॅपटॉपवरून पिंग मारला तर उत्तर येतंय! केबल माझ्या हातात, आणि नॅस उत्तर देतोय. भूतच. होस्टवर नेबर लिस्ट (कोणता आयपी कोणत्या यंत्राचा याची यादी) काढून मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे यंत्राचा कायमचा नंबर, बघितला आणि नॅसच्या स्टिकरवरचा बघितला, दोन वेगळे. थंब मशीनचा आयपी बदलला आणि स्टोरेजला स्वतःचा व्हीलॅन त्याच रविवारी करून टाकला.

नेटवर्क नक्की ठीक असेल तर पोर्ट बघा, इथे केबलचं भोक नाही, सर्व्हिसचा नंबर. होस्टवर एनसी कमांड असते, डॅश झेड देऊन एनएफएससाठी २०४९ आणि आयस्कझीसाठी ३२६० तपासा. एनएफएस थ्री (जुनी आवृत्ती) असेल तर १११ पण लागतो आणि माउंटडीचा, म्हणजे शेअर जोडून देणाऱ्या सर्व्हिसचा, पोर्टही, त्यामुळे नॅसवर नुसता २०४९ उघडून काम होत नाही. नॅसचा फर्मवेअर अपडेट झाला की त्याचा फायरवॉल कधीकधी परत शहाणा होतो, तेही बघा.

इथून पुढे परवानगीचा भाग. एनएफएसमध्ये सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे शेअरच्या यादीत होस्टचा मॅनेजमेंट आयपी टाकलेला असतो, कारण ब्राउझरमध्ये रोज तोच दिसतो. नॅसला मात्र विनंती येते ती स्टोरेजच्या व्हीएमकर्नल आयपीवरून, तो यादीत नाही, मग नकार. दुसरी म्हणजे रूट स्क्वॉश, बाहेरून आलेल्या रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) हक्क काढून घेणारं सेटिंग. डेटास्टोअर जोडला जातो, दिसतो, पण नवीन मशीन बनवताना किंवा ऑन करताना परमिशन डिनाइड. ईएसएक्सआय रूट म्हणून लिहितो आणि नॅस त्याला परका समजतो. नो रूट स्क्वॉश लावा, आणि म्हणूनच तो शेअर फक्त होस्टच्या आयपींपुरताच ठेवा. लिनक्सवर स्वतः एक्स्पोर्ट्स फाइल (कोणता शेअर कोणाला द्यायचा याची यादी) लिहीत असाल तर एक बारकी पाचर आहे, आयपी आणि त्यापुढचा कंस यांच्यात स्पेस सोडायची नाही. स्पेस पडली की कंसातले हक्क तुमच्या होस्टला मिळत नाहीत, अख्ख्या जगाला मिळतात, आणि तुमचा होस्ट रीड-ओन्लीवर (फक्त वाचता येतं, लिहिता नाही) बसतो. फाइल सेव्ह केल्यावर एक्स्पोर्टएफएस डॅश आर ए मारा, नाहीतर बदल लागू होतच नाही आणि आपण भिंतीवर डोकं आपटत बसतो.

आणखी एक, हा फार छळतो. एका होस्टवर नॅस आयपीने जोडला, दुसऱ्यावर नावाने, किंवा पाथच्या शेवटी एकीकडे स्लॅश दिलाय दुसरीकडे नाही. शेअर तोच, पण व्हीसेंटरला (सगळे होस्ट एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते दोन वेगळे डेटास्टोअर वाटतात आणि व्हीमोशन, म्हणजे चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायला गेलात की स्टोरेज दिसत नाही म्हणतो. सगळ्या होस्टवर अक्षर न् अक्षर सारखं टाका. तसंच एकच शेअर एका होस्टवर एनएफएस थ्रीने आणि दुसऱ्यावर फोर पॉइंट वनने जोडू नका, दोघांची लॉकिंगची (एका वेळी एकानेच फाइल वापरावी याची) पद्धत वेगळी आहे, दोन होस्ट एकच फाइल उघडून बसतील आणि मग डेटाची जी वाट लागते ती बॅकअपशिवाय दुरुस्त होत नाही.

नावावरून आठवलं, डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी सांगणारा) स्वतःच व्हर्च्युअल मशीन असेल आणि ते मशीन त्याच डेटास्टोअरवर असेल जो तुम्ही नावाने जोडलाय, तर ते कपाटाची किल्ली आत ठेवून कपाट लावल्यासारखं आहे. रोज चालतं, लाइट गेल्यावर कळतं. आयपीने जोडा किंवा होस्ट्स फाइलमध्ये नाव टाका. हायपर-व्हीवाल्यांची (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची) तर हीच गोष्ट डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या (डीसी) बाबतीत होते, एसएमबी शेअर (विंडोजची फोल्डर वाटायची पद्धत) उघडायला डोमेन लागतं आणि डोमेन कंट्रोलर त्याच शेअरवर झोपलेला. एक डीसी तरी होस्टच्या स्वतःच्या डिस्कवर किंवा वेगळ्या डब्यावर ठेवाच. त्यांच्यासाठी अजून एक, पोर्ट ४४५, आणि परवानगी नुसत्या अ‍ॅडमिन युजरला देऊन भागत नाही, होस्टच्या कॉम्प्युटर अकाउंटला द्यावी लागते, तीही शेअर आणि एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) दोन्हीकडे.

आयस्कझीत मामला वेगळा. तिथे होस्टची ओळख म्हणजे आयक्यूएन, एक लांबलचक नाव. होस्ट नव्याने इन्स्टॉल केला की आयक्यूएन बदलू शकतो, नॅसवर जुनाच नोंदलेला असतो, मग पिंग जातो, पोर्ट उघडा, टार्गेट पण सापडतं पण लन दिसत नाही. नॅसवर नवीन आयक्यूएन टाका, चॅप (पासवर्डने ओळख पटवायची सोय) लावला असेल तर पासवर्ड पुन्हा भरा, रीस्कॅन करा. जुन्या नॅसचे आयपी स्टॅटिक टार्गेटच्या यादीत पडून असतील तर काढून टाका, नाहीतर प्रत्येक रीस्कॅनला होस्ट त्या मेलेल्या पत्त्यांवर जाऊन दार वाजवत बसतो आणि बूट व्हायलाही वेळ लावतो. पाथ लिस्ट (होस्टपासून लनपर्यंतच्या वाटांची यादी) काढून अ‍ॅक्टिव्ह किती आणि डेड किती ते बघा, दोन केबलीपैकी एक महिन्यापासून मेलेली असते आणि दुसरी गेली तेव्हाच आपल्याला कळतं.

आता नीट वाचा. कधीकधी लन दिसतो पण डेटास्टोअर येत नाही. नॅस रिस्टोअर केला, लन कॉपी केला किंवा त्याची ओळख बदलली तर ईएसएक्सआयला तो मूळ लन न वाटता त्याची नक्कल वाटते. मग लोक न्यू डेटास्टोअरचा विझार्ड उघडतात, तिथे तीन पर्याय येतात: जुनी सही (डेटास्टोअरवरची ओळखीची खूण) ठेवा, नवीन सही द्या, फॉरमॅट करा. तिसऱ्यावर बोट गेलं तर सगळी मशीन गेली. मूळ लन दुसरीकडे कुठेच जोडलेला नाही याची खात्री असेल तर पहिला पर्याय. मूळ आणि कॉपी दोन्ही एकाच वेळी हवे असतील तर दुसरा. आणि विझार्डमध्ये फक्त फॉरमॅटच दिसत असेल तर माउस सोडून उठा, बॅकअप कुठे आहे ते बघा, मग कोणाला तरी फोन करा.

प्रॉक्समॉक्सवाल्यांसाठी थोडं, हेही ईएसएक्सआयसारखंच व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. हल्ली बरेच जण तिकडे वळलेत. तिथे एनएफएस गेला की स्टोरेजवर करडं प्रश्नचिन्ह येतं, आणि कधी अख्ख्या नोडवरच (होस्टवरच) येतं, जणू सगळी मशीन मेलीत. घाबरू नका, मशीन बहुतेक चालू असतात, स्टेटस दाखवणारी सर्व्हिस त्या हरवलेल्या शेअरवर अडकलेली असते. डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारलं तर टर्मिनल पण अडकतं. अडकलेल्या प्रोसेस किल डॅश नाइनने (जबरदस्तीने बंद करायच्या कमांडने) बऱ्याचदा मरत नाहीत, त्यात शक्ती घालवू नका, नॅस त्याच आयपीवर परत आणणं हाच सरळ उपाय, अगदीच नाही जमलं तर लेझी अनमाउंट, म्हणजे वापर सुटायची वाट न बघता शेअर तोडणं. पीव्हीईएसएम स्टेटस या कमांडने कोणतं स्टोरेज इनअ‍ॅक्टिव्ह आहे ते कळतं. स्टेल फाइल हँडल असा एरर आला तर बहुतेक नॅसवर शेअर काढून परत बनवलाय, अनमाउंट करून नव्याने जोडा.

लॉग बघताना एक लक्षात ठेवा, ईएसएक्सआयचे लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, असतात. नॅसवर १०:३० ला एरर दिसला तर होस्टच्या व्हीएमकर्नल लॉगमध्ये ०५:०० शोधा. मी सुरुवातीला साडेपाच तासांचा हा फरक विसरून "होस्टच्या लॉगमध्ये तर काहीच नाही" असं ठामपणे सांगितलंय, तेही साहेबांसमोर. होस्टचाच व्हीओबीडी नावाचा दुसरा लॉग छोटा असतो, तिथे व्हॉल्यूमचा संपर्क कधी तुटला आणि कधी परत आला हे पटकन सापडतं.

डेटास्टोअर परत आला म्हणजे काम झालं असं नाही. लिनक्सची मशीन आत जाऊन बघा, डिस्क मध्येच गेल्यामुळे फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झालेली असते, वरून पिंग जातो, वेबसाइट पण उघडते, पण लिहिलं काहीच जात नाही, आणि हे संध्याकाळी अकाउंट्सवाले सांगतात. टच कमांड मारून एक फाइल बनते का बघा, नाही बनली तर त्या मशीनला रीबूट आणि फाइल सिस्टिमची तपासणी (एफएससीके). डेटाबेस असलेल्या मशीनवर त्याचा स्वतःचा एरर लॉग बघा. रात्रीचा बॅकअप लटकला असेल तर तो रद्द करून पुन्हा लावा आणि त्याने मागे सोडलेला स्नॅपशॉट काढा, नाहीतर पंधरा दिवसांनी तोच स्नॅपशॉट जागा खाऊन तुम्हाला परत इथेच आणेल.

आमच्या रॅकच्या दाराला आता आतून एक कागद चिकटवलाय, मार्करने लिहिलेला: आधी स्विच, मग नॅस, नॅसची बीप वाजली आणि दिवा स्थिर हिरवा झाला की मग होस्ट एकेक करून. खाली तिन्ही होस्टचे आणि नॅसचे स्टोरेज आयपी. शुक्रवारचे फोन अजून येतात, पण आता विचारतात, "सर, बीप वाजली, होस्ट लावू का?"